सी मधलं फंक्शन: एरर नाही, तरी उत्तर चुकीचं का येतं?

तक्रार साधारण अशी असते. सगळा कोड मेनमध्ये (प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या फंक्शनमध्ये) होता तेव्हा प्रोग्रॅम व्यवस्थित चालत होता. मग त्याच ओळी उचलून वेगळ्या फंक्शनमध्ये टाकल्या आणि आता उत्तर शून्य येतंय, नाहीतर भलताच आकडा येतोय, नाहीतर स्क्रीनवर काहीच उमटत नाही. एरर मात्र एकही नाही. मग माणूस फंक्शनच्या आतलं सूत्र पुन्हा पुन्हा वाचत बसतो. सूत्र बहुतेक वेळा बरोबरच असतं. बिघाड असतो तो मेन आणि फंक्शन यांच्यातल्या देवाणघेवाणीत. म्हणून आत काय गेलं आणि बाहेर काय आलं, हे आधी बघायचं. सूत्राची पाळी त्यानंतर.

(खाली कोड देवनागरीत, वाचून दाखवल्यासारखा लिहिलाय. तुम्ही तो नेहमीच्या इंग्रजी कीवर्डनीच टाइप करणार, हे उघड आहे.)

वॉर्निंग चालू करा, मग पुढचं वाचा

जीसीसी (सी चा कंपायलर, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणारा प्रोग्रॅम) नुसतं चालवलं तर ते बऱ्याच गोष्टी मुकाट्यानं खपवून घेतं. कमांडमध्ये हायफन देऊन डब्ल्यू-ऑल आणि डब्ल्यू-एक्स्ट्रा हे दोन पर्याय लिहा (डब्ल्यू कॅपिटल), सोबत हायफन-जी टाका (ते शेवटी डीबगरसाठी लागेल). खालच्या चुकांपैकी निम्म्याशिम्म्या इथेच पकडल्या जातात. ‘वॉर्निंगच आहे ना, प्रोग्रॅम तर चालतोय’ ही सवय सी मध्ये फार महागात पडते, कारण इथली वॉर्निंग बऱ्याचदा खऱ्या दोषाकडे बोट दाखवत असते.

दुसरं, बोलतंय कोण ते ओळखा. कंपायलर बोलला तर ओळ क्रमांक देतो. लिंकर (कंपाइल झालेले तुकडे जोडणारा) बोलला तर ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू’ असं म्हणून फंक्शनचं नाव देतो आणि शेवटी ‘एलडी रिटर्न्ड १ एक्झिट स्टेटस’ येतं. या दोघांच्या तक्रारी सोप्या असतात, त्या शेवटी घेऊ. कोणीच काही बोलत नाही आणि उत्तर चुकतं, ती खरी डोकेदुखी.

फंक्शन चाललंच नाही

स्क्रीन रिकामी असेल तर मेनमधली कॉलची ओळ बघा. ती अशी आहे का?

व्हॉइड दाखव();

हा कॉल नाही. पुढे व्हॉइड लावल्यामुळे हे डिक्लरेशन झालं, म्हणजे ‘या नावाचं एक फंक्शन कुठेतरी आहे’ एवढीच नोंद. मेनच्या आत डिक्लरेशन लिहायला सी ची हरकत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम बिनतक्रार कंपाइल होतो आणि फंक्शन कधीच चालत नाही. वर लिहिलेली फंक्शनची पहिली ओळ कॉपी करून खाली पेस्ट केली की हे हमखास होतं. कॉल करताना टाइप लिहायचा नाही, नुसतं दाखव(); पुरे. गंमत अशी की कंसाच्या आत टाइप लिहिला, म्हणजे बेरीज(इंट अ, इंट ब) असा कॉल केला, तर कंपायलर लगेच ‘एक्स्पेक्टेड एक्स्प्रेशन बिफोर इंट’ म्हणून ओरडतो. कंसाबाहेरच्या टाइपवर मात्र चकार शब्द नाही.

याचंच भावंड म्हणजे कंस विसरणं: दाखव; एवढंच लिहिणं. कंसाशिवाय फंक्शनचं नाव म्हणजे फक्त त्याचा पत्ता. पत्ता काढला, टाकून दिला, पुढे चला. इथे डब्ल्यू-ऑल असेल तर ‘स्टेटमेंट विथ नो इफेक्ट’ अशी वॉर्निंग येते.

आणखी एक फसवा प्रकार. फंक्शन चाललंय की नाही हे बघायला त्यात एक प्रिंटएफ टाकला, त्याच्या शेवटी नवी ओळ टाकली नाही आणि प्रोग्रॅम दोन ओळी पुढे जाऊन क्रॅश झाला. प्रिंटएफचा मजकूर लगेच स्क्रीनवर जात नाही, आधी बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, थांबतो. क्रॅश झाला की बफरसकट गेला. तुम्हाला वाटतं फंक्शनपर्यंत गाडी पोचलीच नाही, आणि तुम्ही भलतीकडेच शोधत बसता. तपासणीसाठी टाकलेल्या प्रिंटएफच्या शेवटी बॅकस्लॅश-एन ठेवा, त्यापुढे एफफ्लश (बफर लगेच रिकामा करणारं फंक्शन) बोलावलात तर उत्तमच.

फंक्शन चाललं, पण उत्तर परत आलं नाही

हा कोड बघा:

इंट बेरीज(इंट अ, इंट ब)
{
    इंट क = अ + ब;
    प्रिंटएफ(…क छापून नवी ओळ…);
}

मेनमध्ये लिहिलंय: उत्तर = बेरीज(५, ७); आणि मग उत्तर छापलंय. ऑप्टिमायझेशन न लावता नेहमीच्या ६४ बिट पीसीवर जीसीसीनं हे चालवलं, तर सहसा फंक्शनच्या आतून १२ छापलं जातं आणि मेनमधून ३. हे ३ कुठून आले?

फंक्शनला रिटर्न टाइप इंट दिलाय, पण आत रिटर्नची ओळच नाही. परत येणारी व्हॅल्यू प्रोसेसरच्या एका ठरावीक रजिस्टरमध्ये ठेवायची असते आणि मेन ती तिथून उचलतो. बेरीजनं तिथे काही ठेवलं नाही, पण त्याआधी प्रिंटएफनं ठेवलं होतं. प्रिंटएफ स्वतः एक इंट परत देतो: किती कॅरेक्टर छापली तो आकडा. १, २ आणि नवी ओळ, झाली तीन. मेननं प्रिंटएफचा उष्टा आकडा आपलं उत्तर म्हणून घेतला.

ही चूक चिवट आहे, कारण त्याच रजिस्टरमध्ये कधीकधी योगायोगानं बरोबर उत्तरच पडून असतं. छापायची ओळ काढून टाकली की प्रोग्रॅम ‘सुधारतो’, परत टाकली की ‘बिघडतो’. स्टँडर्डच्या, म्हणजे सी च्या अधिकृत नियमांच्या, दृष्टीनं अशी न दिलेली व्हॅल्यू वापरणं म्हणजे अनडिफाइन्ड बिहेवियर: काहीही होऊ शकतं आणि कंपायलर जबाबदार नाही. फक्त मेनला सूट आहे. सी ९९ (१९९९ चं स्टँडर्ड) पासून मेनच्या शेवटी रिटर्न नसेल तर शून्य धरलं जातं. डब्ल्यू-ऑल लावलं की ‘कंट्रोल रीचेस एंड ऑफ नॉन-व्हॉइड फंक्शन’ अशी वॉर्निंग येते, ती याचसाठी. इफमध्ये रिटर्न आहे पण एल्समध्ये नाही, अशा अर्धवट फंक्शनलाही हीच वॉर्निंग लागू.

छापणं आणि परत देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझं मत विचाराल तर हिशेब करणाऱ्या फंक्शननं छापूच नये. उत्तर परत द्यावं, छापायचं काम मेनवर सोडावं. त्यामुळे बिघाड कुठे आहे हे शोधणंही सोपं जातं.

उलट बाजूही तपासा. फंक्शननं व्यवस्थित रिटर्न केलं, पण मेनमध्ये नुसतं वर्ग(न); लिहिलंय. व्हॅल्यू आली आणि हवेत विरली, न ची किंमत होती तीच राहिली. न = वर्ग(न); असं हातात घ्यायला हवं. यावर बहुतेक वेळा वॉर्निंगही येत नाही, कारण परत आलेली व्हॅल्यू न वापरणं सी मध्ये पूर्ण कायदेशीर आहे. तुम्ही प्रिंटएफची व्हॅल्यू तरी कुठे वापरता?

फंक्शनमध्ये बदललं, मेनमध्ये जुनंच

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रकार हा. उदाहरणही ठरलेलं:

व्हॉइड अदलाबदल(इंट अ, इंट ब)
{
    इंट त = अ;
    अ = ब;
    ब = त;
}

मेनमध्ये क्ष म्हणजे १० आणि य म्हणजे २०. अदलाबदल(क्ष, य); केल्यावर छापलं तर १० आणि २०, जैसे थे. कोडमध्ये व्याकरणाची चूक नाही, त्यामुळे वॉर्निंगही सहसा नाही.

पाठ्यपुस्तकातली ‘कॉल बाय व्हॅल्यू’ची व्याख्या सगळ्यांना पाठ असते, तरी हा प्रश्न सुटत नाही. म्हणून व्याख्या सोडा आणि पत्ते छापून बघा. मेनमध्ये &क्ष छापा, फंक्शनमध्ये &अ छापा. पत्ता छापायचा फॉरमॅट टक्के-पी, आणि पत्त्याच्या आधी (व्हॉइड *) असं कास्ट करा. दोन वेगळे पत्ते दिसतील. अ ही मेमरीतली स्वतंत्र जागा आहे. कॉल झाला त्या क्षणी क्ष मधले १० तिथे उतरवले गेले, आणि त्यानंतर क्ष आणि अ यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध उरला नाही. अदलाबदल झाली, अगदी बरोबर झाली, पण ती अ आणि ब ची. फंक्शन संपलं तशा त्या जागाही गेल्या. दोन्हीकडे एकच नाव ठेवलं, म्हणजे मेनमध्येही अ आणि फंक्शनमध्येही अ, तरी फरक पडत नाही. नाव एकच, जागा दोन. उलट सारख्या नावांमुळेच गोंधळ वाढतो, म्हणून शिकत असताना तरी नावं मुद्दाम वेगळी ठेवा.

उपाय असा की क्ष ची व्हॅल्यू न देता क्ष चा पत्ता द्यायचा:

व्हॉइड अदलाबदल(इंट *अ, इंट *ब)
{
    इंट त = *अ;
    *अ = *ब;
    *ब = त;
}

कॉल करताना अदलाबदल(&क्ष, &य); इथे काही जण एक पायरी चुकतात. त हासुद्धा पॉइंटर (पत्ता धरणारं व्हेरिएबल) घेतात आणि चांदण्या (*) गाळून अ = ब; ब = त; लिहितात. हे कंपाइल होतं आणि पुन्हा काहीच बदलत नाही, कारण पत्ता दिला तरी त्या पत्त्याचीही प्रतच आत जाते. प्रत बदलली, घर तिथेच राहिलं. त्या पत्त्यावर जाऊन आतली वस्तू बदलायची तर चांदणी लागतेच. स्कॅनएफमध्ये व्हेरिएबलच्या आधी & का लावतात, याचं उत्तरही इथेच आहे. स्कॅनएफ हे फंक्शनच आहे आणि त्याला तुमच्या व्हेरिएबलमध्ये लिहायचं असतं.

पण लगेच सगळीकडे पॉइंटर पेरू नका. एकच व्हॅल्यू बाहेर काढायची असेल तर रिटर्न पुरेसं आहे आणि वाचायलाही स्वच्छ. दोन किंवा जास्त हव्या असतील तेव्हा पॉइंटर, नाहीतर स्ट्रक्चर परत द्या. ग्लोबल व्हेरिएबल (सगळ्या फंक्शनना दिसणारं) हा तिसरा मार्ग बरेच जण धरतात, कारण त्यानं प्रश्न क्षणात ‘सुटतो’. प्रोग्रॅम पन्नास ओळींचा असेपर्यंत खरंच सुटतो. त्यातही फंक्शनच्या आत त्याच नावाचं लोकल व्हेरिएबल चुकून डिक्लेअर केलंत तर ते ग्लोबलला झाकून टाकतं आणि तुम्ही पुन्हा पहिल्या पानावर.

अ‍ॅरेचा न्याय वेगळा

वरचं समजलं की अ‍ॅरे येऊन घोळ घालतो. अ‍ॅरे फंक्शनला दिला आणि आत बदलला तर मेनमधला अ‍ॅरे खरोखर बदलतो. नियम मात्र तोच आहे. अ‍ॅरेचं नाव फंक्शनला देताना त्याच्या पहिल्या घराचा पत्ता होतो आणि तेवढाच आत जातो. पॅरामीटरमध्ये इंट गुण[१०] लिहा किंवा इंट *गुण लिहा, कंपायलरच्या लेखी दोन्ही एकच. तो १० कंपायलर सोडून देतो.

यातून निघणारी चूक ओळखायला सोपी आहे: १० गुणांची बेरीज करायला सांगितली तर फंक्शन फक्त पहिल्या २ गुणांची करतं. फंक्शनच्या आत साइझऑफ(गुण) / साइझऑफ(गुण[०]) असं लिहून, म्हणजे एकूण बाइट भागिले एका घराचे बाइट करून, लांबी काढलेली असते. मेनमध्ये हे बरोबर चालतं: ४० भागिले ४, म्हणजे १०. फंक्शनमध्ये गुण हा पॉइंटर आहे, ६४ बिट मशीनवर ८ बाइटचा. ८ भागिले ४, उत्तर २. तेव्हा लांबी मेनमध्येच काढा आणि वेगळं पॅरामीटर म्हणून पाठवा.

आणि फंक्शनच्या आत तयार केलेला अ‍ॅरे रिटर्न करू नका. फंक्शन संपताच त्याची जागा मोकळी होते, तुमच्या हाती राहतो तो पाडलेल्या घराचा पत्ता. कधी कचरा छापला जाईल, कधी सेगमेंटेशन फॉल्ट (नको त्या मेमरीला हात लावल्यानं झालेला क्रॅश). अ‍ॅरे मेनमध्ये तयार करून फंक्शनकडे भरायला द्या.

आकडा येतो, पण थोडासा चुकतो

सरासरीचं फंक्शन डबल परत देतं, तरी ३ आणि ४ ची सरासरी ३.५ ऐवजी ३.० येते. रिटर्न (अ + ब) / २; मध्ये अ, ब आणि २ तिन्ही इंट आहेत. भागाकार तिथल्या तिथे पूर्णांकात होतो, ७ भागिले २ म्हणजे ३, आणि तो ३ नंतर डबल होतो. रिटर्न टाइप हिशेब झाल्यावर लागू होतो, आधी नाही. २ च्या जागी २.० लिहा.

फॅक्टोरियल (१ पासून त्या आकड्यापर्यंतचा गुणाकार) १२ पर्यंत बरोबर आणि १३ पासून चूक येत असेल तर तुमचं फंक्शन निर्दोष आहे. १२ चं फॅक्टोरियल ४७,९०,०१,६०० हे ३२ बिट इंटमध्ये मावतं, १३ चं ६,२२,७०,२०,८०० मावत नाही, आणि हाती बहुधा १,९३,२०,५३,५०४ हा आकडा येतो. जुन्या टर्बो सी मध्ये इंट १६ बिटचा असल्यानं हेच ८ ला होतं: ४०,३२० ऐवजी उणे २५,२१६. लाँग लाँग घ्या, २० पर्यंत निभेल. टाइप मात्र तिन्हीकडे बदला: फंक्शनचा रिटर्न टाइप, आतलं व्हेरिएबल आणि मेनमध्ये उत्तर धरणारं व्हेरिएबल. छापतानाचा फॉरमॅटही.

कंपायलर किंवा लिंकर ओरडत असेल तर

‘इम्प्लिसिट डिक्लरेशन ऑफ फंक्शन’: फंक्शन मेनच्या खाली लिहिलंय आणि वर प्रोटोटाइप (फंक्शनचं आधी लिहिलेलं डिक्लरेशन) नाही, किंवा हेडर फाइल जोडायची राहिली, किंवा स्पेलिंग चुकलं. सी वरून खाली वाचत जातो. पूर्वी अनोळखी फंक्शन इंट परत देतं असं गृहीत धरलं जायचं. सी ९९ नं ती सवलत काढली, पण जीसीसी कित्येक वर्षं नुसत्या वॉर्निंगवर सोडत होतं. २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून ती थेट एरर आहे. जुन्या कंपायलरवर चालणारा प्रोग्रॅम नव्यावर कंपाइल होत नसेल तर आधी हेच बघा. प्रोटोटाइपमध्ये पॅरामीटर नसतील तर रिकाम्या कंसाऐवजी कंसात व्हॉइड लिहा. सी २३ च्या आधी रिकाम्या कंसाचा अर्थ ‘पॅरामीटर किती ते सांगितलेलं नाही’ असा होता, त्यामुळे चुकीचे आर्ग्युमेंट दिले तरी तपासणी होत नसे.

सेमीकोलन प्रोटोटाइपनंतर हवा, डेफिनिशनच्या पहिल्या ओळीनंतर नको. प्रोटोटाइपचा गाळलात तर एरर पुढच्या ओळीवर दिसते, आणि लोक त्या निरपराध ओळीचा पिच्छा पुरवतात.

मेनचा शेवटचा महिरपी कंस राहिला तर जीसीसी थेट फाइलच्या शेवटी ‘एक्स्पेक्टेड डिक्लरेशन ऑर स्टेटमेंट ॲट एंड ऑफ इनपुट’ म्हणतं. याचं कारण, फंक्शनच्या आत फंक्शन लिहायची सोय जीसीसीनं स्वतःच्या पदरची दिलेली आहे. तुमची खालची सगळी फंक्शनं मेनच्या पोटात आहेत असं समजून ते शांतपणे शेवटपर्यंत वाचत जातं.

‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ म्हणजे प्रोटोटाइप सापडला, पण फंक्शनचं अंग सापडलं नाही. दुसऱ्या फाइलमध्ये लिहिलं असेल तर ती फाइलही कमांडमध्ये द्या. कॅपिटल-स्मॉल अक्षरं तपासा. नाव मेनचंच असेल तर मेनचं स्पेलिंग बघा. आणि एसक्यूआरटीसाठी (वर्गमूळ काढणारं फंक्शन) आलं असेल तर लिनक्सवर कमांडच्या शेवटी हायफन-एल-एम (गणिताची लायब्ररी) जोडा. सोर्स फाइलच्या आधी लिहून भागेलच असं नाही. ‘मित्राचा प्रोग्रॅम एल-एम शिवाय चालतो’ असं कोणी म्हणालं तर त्यानं बहुधा एसक्यूआरटी(४.०) असा थेट आकडा दिलाय. तो जीसीसी कंपाइल करतानाच सोडवून टाकतं, लायब्ररीपर्यंत जातच नाही.

तरीही सापडत नसेल तर जीडीबी

हायफन-जी लावून कंपाइल केलेला प्रोग्रॅम जीडीबीमध्ये (प्रोग्रॅम मध्येच थांबवून आत बघू देणाऱ्या डीबगरमध्ये) उघडा. ब्रेक आणि फंक्शनचं नाव, मग रन. फंक्शनच्या दारात थांबलं की इन्फो आर्ग्ज: आत काय आलं ते दिसतं. मग फिनिश: फंक्शन पूर्ण करून ‘व्हॅल्यू रिटर्न्ड इज’ म्हणून बाहेर काय गेलं ते दाखवतं. आत आलेलं चूक असेल तर दोष कॉलच्या ओळीत. आत आलेलं बरोबर आणि बाहेर गेलेलं चूक असेल, तरच फंक्शनचं अंग वाचायला बसा. दोन्ही बरोबर असतील तर मेननं उत्तर हातात घेतलेलं नाही.

रिकर्शनवाला (फंक्शन स्वतःलाच कॉल करतं असा) प्रोग्रॅम थोडा वेळ थांबून सेगमेंटेशन फॉल्ट देतो, तेव्हा बॅकट्रेस (झालेल्या कॉलची यादी) मागा. एकाच फंक्शनची शेकडो नावं एकाखाली एक येतील, प्रत्येकासमोर त्याचा आर्ग्युमेंट. लिनक्सवर स्टॅकची (कॉलसाठी राखलेल्या मेमरीची) मर्यादा सहसा ८ एमबी, विंडोजवर १ एमबी. प्रत्येक कॉल त्यातला तुकडा खातो. नावांपेक्षा आर्ग्युमेंटचे आकडे बघा. फॅक्टोरियलमध्ये ते उणे असतील आणि प्रत्येक कॉलगणिक आणखी उणे होत गेले असतील, तर मेननं उणे आकडा पाठवलाय आणि न == ० ही थांबायची अट त्या वाटेवर कधी लागलीच नाही. तिथे न <= ० लिहा, म्हणजे निदान क्रॅश थांबेल. उणे आकडा मुळात आत सोडायचा का, ते कॉल करण्याआधी मेनमध्ये तपासा.